ऑल व्हील ड्राइव्ह ट्रकचे ऑइल चेंबर

इंजिनाच्या तळाशी पत्र्याचे किंवा ओतीव ॲल्युमिनियमचे एक उथळ भांडे कडेने बोल्ट मारून बसवलेले असते. त्याला ऑइल पॅन म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत ते चेंबर म्हणून ओळखले जाते. इंजिन बंद असताना बहुतेक सगळे ऑइल या भांड्यात उतरून साठते. इंजिन सुरू झाले की पंप ते जाळीतून ओढतो आणि क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट यांच्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोचवतो. फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या ट्रकमधून हे चेंबर काढणे मध्यम कष्टाचे काम आहे. इंजिन तेच, चेंबर तेच आणि बोल्टही तेवढेच असले, तरी ट्रक चारही चाकांनी ओढणारा निघाला की कामाचा वेळ दुप्पट-तिप्पट होतो. पुढच्या चाकांकडे जोर नेणारी सगळी यंत्रणा नेमकी चेंबरच्या खालून जात असल्यामुळे असे होते.

गिअरबॉक्समधून निघणारा जोर ट्रान्सफर केसमध्ये येतो. तिथे त्याच्या दोन वाटा होतात. एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, दुसरा गिअरबॉक्सच्या कुशीतून पुढे येऊन पुढच्या डिफरन्शियलला मिळतो. डिफरन्शियलमधून डावा आणि उजवा असे दोन अर्धे ॲक्सल चाकांपर्यंत जातात. चाके इंजिनाच्या दोन बाजूंना असल्यामुळे या आडव्या रेषेला इंजिनाखालूनच जावे लागते. शिवाय स्टिअरिंगचे दांडेही तिथेच. चेंबर उतरवायचे म्हणजे या सगळ्या गर्दीतून त्याला खाली यायला वाट करून द्यायची, आणि कामातले बहुतेक तास त्यातच जातात.

ही रचना समजून घ्यायला जनरल मोटर्सच्या एस-१० आणि एस-१५ या छोट्या पिकअप ट्रकांचे घराणे चांगले उदाहरण आहे. १९९१ साली याच घराण्यातून जीएमसी सायक्लोन हा ऑल व्हील ड्राइव्ह ट्रक निघाला. ४.३ लिटरचे व्ही-६ इंजिन, त्यावर टर्बो, २८० अश्वशक्ती आणि पुढे ३५ टक्के, मागे ६५ टक्के जोर वाटणारी बोर्ग वॉर्नरची ट्रान्सफर केस अशी त्याची जुळणी होती. मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावच्या प्रॉडक्शन ऑटोमोटिव्ह सर्व्हिसेस या कंपनीने हे ट्रक तयार केले. त्याच वर्षी ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने त्याला पाव मैलाच्या शर्यतीत फेरारी ३४८ शेजारी उभे केले आणि ट्रक पुढे गेला. १९९१ मध्ये तयार झालेल्या या गाड्या तीन हजारांच्या आतच आहेत, त्यामुळे ज्यांच्याकडे त्या आहेत ते त्यांना जिवापाड जपतात. पण खालून पाहिले तर हा ट्रक त्याच्या साध्या भावंडांसारखाच आहे. पुढच्या डिफरन्शियलचा गोल भाग डाव्या बाजूला आणि तिथून उजवीकडे जाणारी ॲक्सलची नळी थेट चेंबरखालून.

सगळ्या ट्रकांची मांडणी अशीच नसते. जुन्या विलीज जीपमध्ये आणि महिंद्राने पुढे भारतात बनवलेल्या तिच्या वारसांत पुढचा ॲक्सल अखंड असतो व तो पाटा स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तिथे चासी उचलून घोड्यांवर ठेवली की ॲक्सल स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि चेंबरला थोडी जागा आपोआप मिळते. पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या ट्रकमध्ये डिफरन्शियल चासीलाच पक्के बसवलेले असते. गाडी कितीही उचलली तरी चेंबर आणि ॲक्सलची नळी यांच्यातले अंतर तेवढेच राहते. तिसरा प्रकार सर्वांत कठीण आहे. शेवरोले ट्रेलब्लेझरच्या २००२ मध्ये आलेल्या पिढीत ४.२ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. त्याच्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांत डिफरन्शियल चेंबरलाच बोल्टने जोडलेले असून एक ॲक्सल शाफ्ट चेंबरच्या ओतीव अंगातून आरपार जातो. ऑइलच्या साठ्यातून ॲक्सल नेण्याची ही युक्ती जागा वाचवण्यासाठी फार हुशारीची आहे. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र ती महागात पडते.

इतका खटाटोप करण्यापूर्वी चेंबर खरोखर काढायला हवे का, हे आधी ठरवावे. चेंबर हा इंजिनाचा सर्वांत खालचा भाग असल्याने वरची प्रत्येक गळती अखेर त्याच्याच कडेवर येऊन थेंब धरते, आणि चालत्या गाडीतला वारा ते ऑइल मागे पसरवतो. रॉकर कव्हरचे पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाचे सील, डिस्ट्रिब्युटरचा तळ, ऑइल प्रेशरचा सेन्सर, फिल्टरची बैठक यांपैकी काहीही गळत असले तरी दोष चेंबरवर ढकलला जातो. म्हणून इंजिन आधी धुवून कोरडे करावे, थोडे अंतर चालवावे आणि ओल सर्वांत वर कुठे दिसते ते टॉर्चने पाहावे. ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि अतिनील दिवा मिळाला तर निदान आणखी पक्के होते. बेल हाउसिंगच्या तळातून ऑइल टपकत असेल, तर क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलवरही संशय घ्यावा लागतो. १९८६ पासूनच्या ४.३ लिटर इंजिनात हे सील एकसंध आहे आणि ते बदलायला गिअरबॉक्स मागे घ्यावा लागतो. त्या कामाची वाट चेंबरच्या कामाहून वेगळी आहे.

चेंबर काढणे टाळता येत नाही असे प्रसंग मोजके आहेत. दगड लागून तळ आत दबला असेल तर जाळी आणि तळ यांच्यातली फट बुजते आणि पंप उपाशी राहतो. असे चेंबर गळत नसले तरी काढावेच, कारण ऑइलचा दाब पडला तर बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही. मिशिगनसारख्या बर्फाळ राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्र्याची चेंबरे गंजून चाळण होतात. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतही पातळ पत्र्याची तीच गत होते. याखेरीज ऑइल पंप बदलणे, क्रँकशाफ्टची बेअरिंगे तपासणे आणि कडेचे पॅकिंग कुजणे ही कारणे उरतात. ड्रेन प्लगचे आटे गेले असतील तर आधी जागच्या जागी आटे दुरुस्त होतात का ते पाहावे. एका प्लगसाठी अख्खे चेंबर उतरवणे परवडत नाही.

काम सुरू करताना पहिली काळजी गाडी स्थिर राहण्याची. सपाट, पक्क्या जमिनीवर चासीखाली घोड्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये आणखी एक धोका आहे आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘पी’वर ठेवला की गिअरबॉक्सचा बाहेर पडणारा शाफ्ट अडतो, त्यापुढे काही नाही. सायक्लोनसारख्या ट्रकमध्ये ट्रान्सफर केसच्या पोटात मधले डिफरन्शियल असते. पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडला की त्या डिफरन्शियलचे पुढचे तोंड मोकळे होते. मग गिअरबॉक्स अडलेला असूनही मागची चाके फिरू शकतात. आतल्या व्हिस्कस कपलिंगमुळे ती हळू फिरतील, पण फिरतील. म्हणून प्रोपेलर शाफ्टला हात लावण्याआधी हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यावेत.

बॅटरीची निगेटिव्ह केबल पहिल्यांदा काढावी, कारण पुढे स्टार्टर सोडायचा आहे आणि त्याच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो. ऑइल कोमट असताना काढले तर गाळासकट नीट वाहते. उकळते ऑइल हातावर आले तर कातडी सोलते. साधारण चार ते पाच लिटर जळके ऑइल निघते. ते नाल्यात किंवा मातीत ओतू नये. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे, म्हणून ते झाकणाच्या डब्यात साठवून त्या वाटेने पाठवावे.

इंजिन थोडे वर उचलावे लागणार असल्याने बॉनेटखालची तयारी आधी उरकावी. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण सोडले नाही, तर इंजिन वर सरकताच पंख्याची पाती त्यात अडकतात. या व्ही-६ इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर अगदी मागे, केबिनच्या पत्र्याला जवळजवळ टेकून बसलेला असतो. त्याची टोपी तशीच ठेवून इंजिन उचलले की ती पत्र्यावर दाबून तडकते. चेंबर बसवून झाल्यावर गाडी का सुरू होत नाही, याचा शोध मग तासन् तास चालतो. रबरी नळ्या, वायरींचे गुच्छ आणि टर्बो असेल तर त्याचे जोडही ताणले जात नाहीत ना, हे एकदा हात फिरवून पाहावे.

खालच्या कामाला आता क्रमाने लागावे. संरक्षक पत्री काढली की सगळा पसारा दिसतो. पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी त्यावर आणि डिफरन्शियलच्या जोडावर रंगाची एकच रेघ ओढावी, म्हणजे तो परत त्याच कोनात बसेल आणि वेगात गाडी थरथरणार नाही. स्टार्टर काढताना तो आणि ब्लॉक यांच्यामध्ये पातळ पत्र्या असल्यास त्या जपून ठेवाव्यात. स्टार्टरचा दात आणि फ्लायव्हील यांच्यातले अंतर त्यांच्यावरच अवलंबून असते. फ्लायव्हीलपुढचे पातळ झाकण आणि वाटेत येणारा सायलेन्सरचा पाइप यानंतर निघतात. गंजलेल्या सायलेन्सरचे बोल्ट बहुधा आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारूनच सुटतात. जबरदस्ती केली तर ते डोक्यापासून तुटतात आणि एक नवे काम अंगावर येते.

स्टिअरिंगचा मधला आडवा दांडा एका बाजूला पिटमन आर्मला आणि दुसऱ्या बाजूला आयडलर आर्मला जोडलेला असतो. तिथले जोड सोडून दांडा खाली झुकवला की बरीच जागा होते. हे जोड निमुळते असल्याने नट काढूनही सुटत नाहीत. त्यांना पुलर लावावा. चिमटा घालून हातोड्याने ठोकल्यास रबरी टोप्या फाटतात. टाय रॉडवरच्या लांबी ठरवणाऱ्या बाह्यांना मात्र हात लावू नये. त्या फिरल्या नाहीत तर चाकांची अलाइनमेंट बिघडत नाही.

आता डिफरन्शियल. या ट्रकमध्ये अर्धे ॲक्सल डिफरन्शियलच्या तबकड्यांना सहा-सहा बोल्टने जोडलेले असतात. ते सोडून ॲक्सल बाजूला तारेने टांगावेत. लोंबते ठेवले तर त्यांचे आतले सांधे निखळू शकतात. मग डिफरन्शियलखाली जॅक लावून चासीवरचे बोल्ट काढावेत आणि संपूर्ण जुडगा खाली, थोडा पुढे सरकवावा. नळीसकट तो लांबलचक आणि एका बाजूला जड असतो, त्यामुळे जॅकवर तो पट्ट्याने बांधावा आणि इथे दुसरा माणूस हाताशी असावाच. काही कारागीर इंजिन भरपूर उचलून डिफरन्शियल जागेवर ठेवायचा प्रयत्न करतात. क्वचित तो साधतो. बहुधा चेंबर अर्धवट निघून पंपाच्या जाळीला अडकते आणि शेवटी डिफरन्शियल उतरवावेच लागते. पहिल्यापासून ते उतरवणे हाच कमी त्रासाचा मार्ग आहे.

इंजिन उचलताना चेंबरखाली जॅक लावायची चूक करू नये. पातळ पत्रा तिथेच दबतो. वरून चेनपुलीने उचलणे सर्वांत सुरक्षित. माउंटिंगचे आडवे बोल्ट काढून इंजिन काही सेंटिमीटर वर घ्यावे आणि माउंटिंगमध्ये लाकडी ठोकळे सरकवून भार त्यांच्यावर टेकवावा. कडेचे बोल्ट आणि कोपऱ्यांवरचे नट आता निघतात. चेंबर चिकटून बसले असेल तर रबरी हातोड्याने बाजूने हलके ठोके द्यावेत. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटले की कडेवर खाच पडते आणि तीच पुढच्या गळतीची जागा ठरते. चेंबर सुटूनही खाली येत नसेल, तर बहुतेक वेळा क्रँकशाफ्टचे वजनदार भाग खालच्या बाजूला आलेले असतात. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हळूच फिरवला की वाट मोकळी होते.

निघालेल्या चेंबरच्या तळाशी इंजिनाची खरी अवस्था कळते. घट्ट काळा गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदलले गेलेले नाही. गाळातून चुंबक फिरवावे. लोखंडाचा बारीक कीस थोडा असणे स्वाभाविक आहे. तांबूस किंवा रुपेरी चमकते पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगांचे आहेत आणि चेंबर परत चढवण्याआधी बेअरिंग कॅप उघडून पाहिली पाहिजे. जाळीत सिलिकॉनचे तुकडे सापडणे हेही वारंवार घडते. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी हात सैल सोडून सिलिकॉन थापलेले असते, आत पिळून निघालेला त्याचा धागा तुटून जाळीत जातो आणि ऑइलची वाट अडवतो. या इंजिनात पंप मागच्या मुख्य बेअरिंगच्या कॅपवर बसतो आणि डिस्ट्रिब्युटरखालच्या शाफ्टने फिरतो. चेंबर उघडल्याशिवाय तो बदलता येत नाही, त्यामुळे इंजिनाचे बरेच चालणे झाले असेल तर पंप आणि जाळी याच वेळी बदलून टाकणे शहाणपणाचे.

पुढचे काम संयमाचे आहे आणि गळती थांबणार की नाही हे इथेच ठरते. ब्लॉकच्या आणि चेंबरच्या कडेवरचे जुने पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने खरवडून काढावे. ड्रिलला लावायच्या घासण्याच्या चकत्या वापरू नयेत. त्यांची धारदार धूळ ऑइलबरोबर फिरून बेअरिंग खाते. साफ झालेली कड शेवटी सॉल्व्हंटने पुसावी; बोट फिरवल्यावर तेलकटपणा जाणवता कामा नये. पत्र्याच्या चेंबरला आणखी एक परीक्षा आहे. पूर्वी कोणी बोल्ट जास्त आवळले असतील तर प्रत्येक छिद्राभोवतीचा पत्रा वर उचललेला असतो. सपाट लाकडावर कड ठेवून हलक्या हातोडीने तो परत सरळ करावा. वाकडी कड तशीच ठेवली, तर सर्वांत महागडे पॅकिंगही गळते.

एकसंध रबरी पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन लागत नाही. पुढचे टायमिंग कव्हर ब्लॉकला मिळते ते दोन कोपरे आणि मागच्या सीलची बैठक ब्लॉकला मिळते ते दोन कोपरे, एवढ्याच जागी तीन भाग एकत्र येऊन बारीक दरी राहते. तिथे सिलिकॉनची छोटी रेघ पुरते, आणि तिच्यावर साय धरण्याआधी चेंबर जागेवर चढले पाहिजे. म्हणून सिलिकॉन लावण्यापूर्वी एकदा कोरडे चेंबर चढवून वाट मोकळी असल्याची खात्री करावी. सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग टॉर्क रेंचने मध्यापासून टोकांकडे आवळावेत. पत्र्याच्या चेंबरच्या छोट्या बोल्टांना जेमतेम ११ न्यूटन मीटर आणि कोपऱ्यांच्या नटांना सुमारे २३ न्यूटन मीटर पुरतात. हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्याला हे फारच सैल वाटते, आणि त्या वाटण्यामुळेच पत्र्याच्या कडा वाकतात.

१९९६ पासून या घराण्याच्या ४.३ लिटर इंजिनांना ओतीव ॲल्युमिनियमचे चेंबर आले. ते गिअरबॉक्सलाही बोल्टने जोडलेले असते आणि दोन्हींचा सांधा ताठ ठेवण्याचे काम करते. त्याची मागची कड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी जुळली पाहिजे. फिलर गेज घालून फट तपासावी लागते. ती न जुळवता गिअरबॉक्सचे बोल्ट आवळले, तर चेंबर ताणाखाली राहते आणि तडकू शकते. या चेंबरचे टॉर्कचे आकडे पत्र्याच्या चेंबरपेक्षा बरेच जास्त आहेत, त्यामुळे त्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडेच धरावेत.

परतीचा प्रवास उलट क्रमाने होतो आणि त्यात थोड्याच गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. स्टिअरिंगच्या नटांना जुन्या स्प्लिट पिना परत घालू नयेत. डिफरन्शियल हलवल्यावर त्यातल्या ऑइलची पातळी पाहावी. प्रोपेलर शाफ्टवरची रेघ जुळवावी. पंप बदलला असेल तर इग्निशन बंद ठेवून, डिस्ट्रिब्युटर काढून त्याचा शाफ्ट ड्रिलने फिरवून दाब आधी उभा करावा, म्हणजे पहिल्या सुरुवातीला बेअरिंग कोरडी फिरणार नाहीत. सिलिकॉन पूर्ण वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा. बहुतेक उत्पादनांना तो एका दिवसाच्या आसपास लागतो. गाडी त्याच संध्याकाळी हवी म्हणून ऑइल भरून इंजिन चालवले, तर ओले सिलिकॉन आतून धुपते.

इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दाब काही सेकंदांत दिसला नाही तर लगेच बंद करावे. दाब ठीक असेल तर इंजिन गरम होऊ द्यावे आणि सर्व कडा कोरड्या फडक्याने पुसून पाहाव्यात. शे-दोनशे किलोमीटर चालवून झाल्यावर त्याच कडा पुन्हा तपासाव्यात. ओल दिसली तर बोल्ट आणखी आवळत बसू नये. दबलेले रबर तेवढ्याने परत फुगत नाही. स्वतः हे काम करू पाहणाऱ्याकडे चेनपुली, टॉर्क रेंच, पुरेशा घोड्या, दोन दिवसांचा वेळ आणि मदतीला एक माणूस हवा. यातले एकही कमी असेल तर ऑल व्हील ड्राइव्ह ट्रकचे चेंबर अनुभवी गॅरेजकडेच द्यावे.